भंगार पार्टीतल्या मुलाची चौकशी

कोयनानगर,
१२ जून १९७८

चि. नानास लीलाक्काचा आशीर्वाद.

आमी समदी बरी हाय. हरणासाठी तुमच्या सांगलीचं एक स्थळ आलंय. पोराचं नाव लालासाहेब. साखर कारखान्यात विजेच्या कामावर हाय, पर्मनंट. बाप न्हाई. आई रंगुबाई आनि हा, दोघंच. थोडा ऊस हाय. तुज्या दाजींनी पत्रिका दावली, जुळतीया. आता मानूस बगायचं काम तुजं. तू मामा हायस, आनि लग्नाकार्यात कर्णे भाड्यानं देत गावभर हिंडतोस. तुला कोन वळकत न्हाई?

मध्यस्थ म्हनला, पोरगं गातं, सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम करतं. आमाला बरं वाटलं. गानारं मानूस शांत असतं. तर कुठं गातो, काय गातो, संगत कसली, एकदा जाऊन ऐक. घर पन बघ. मोठ्या रस्त्याला लागून नको. शेजारी पिठाची गिरन नको. घर शांत पायजे, बाकी थोडं इकडंतिकडं चालंल.

आनि नाना, खरं लिव. त्या साप्ताहिकात लोकांची टवाळी लिवतोस तसं नको.

तुजी
लीलाक्का


सांगली,
२७ जून १९७८

ती. सौ. लीलाक्का,
नमस्कार दोन्ही हात जोडून. एक हात कानावर आहे, तो काढून.

चौकशी करून आलो. डाव्या कानात अजून कुणीतरी शिट्टी वाजवतंय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

मुलगा गातो हे खरं. पण गाणं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल, पेटी, टाळ, कपाळाला बुक्का, ते सगळं आधी फडताळात ठेवून ये. पार्टीचं नाव ‘भंगार’. असं का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, सामान भंगार बाजारातलं आहे म्हणून. सरळ उत्तर. चौघंजण आहेत. लालासाहेबाच्या गळ्यात विजेवर वाजणारी गिटार, ती त्यानं स्वतः केलेली. फळी कुणाच्यातरी मोडक्या पाळण्याची. गुंडा नावाचा एक आडदांड पोरगा ढोल आणि तेलाचे डबे बडवतो. उरलेले दोघे काय वाजवतात ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांचं काही ऐकूच येत नाही.

कार्यक्रम मार्केट यार्डातल्या हळदीच्या रिकाम्या गोदामात होता. रिकामं म्हणजे पोती गेलेली, धूळ जागेवर. गुंड्यानं पहिली काठी हाणली आणि तुळयांवर वर्षानुवर्षं बसलेली हळद खाली उतरली. दुसऱ्या गाण्यापर्यंत गाणारे, ऐकणारे आणि दाराशी आलेलं कुत्रं, सगळे पिवळे. घरी गेलो तर तुझी भावजय म्हणाली, “कुणाच्या हळदीला गेलाता, आन मला का न्हाई नेलं?”

आता गाणी. पहिलं गाणं असं: “वीज गेली, वीज आली, वीज गेली.” संपलं. मला वाटलं खरंच वीज गेली म्हणून थांबले. पण नाही, ते तेवढंच होतं. मी या सांगलीत मोठमोठ्या बुवांच्या मैफिलींना कर्णे लावले आहेत. बुवा तंबोरा जुळवतात तेवढ्या वेळात या पोरांचा सगळा कार्यक्रम आटोपून चहा होतो.

या प्रकाराला विलायतेत पंक म्हणतात. लालासाहेबाचा आतेभाऊ भाऊसो लंडनला बसवर कंडक्टर आहे, त्यानं कॅसेटी आणल्या. तिकडे म्हणे हे तळघरांतून चालतं. शर्ट मुद्दाम फाडायचा आणि फाटल्या जागी सेफ्टी पिन टोचायची. आपल्या बायका अडीनडीला मंगळसूत्रात अडकवतात तीच पिन. तिकडे काहीजण ती गालात टोचून घेतात. आणि गाणं आवडलं की ऐकणारे गाणाऱ्यावर थुंकतात. ही एक रीत सांगलीला शिकवावी लागली नाही. पुढच्या रांगेत तंबाखू मळणारे चार आडते होते. ते आवडनिवड न करता थुंकत होते.

मुलगा उंच, सावळा, बोलायला कमी. गाताना मात्र असा ओरडतो की शेजारच्या गुळाच्या सौद्यातून एक हमाल डोकावून गेला, कुणाचा भाव पडला ते बघायला. विडी नाही, सुपारी नाही. घर हरिपूरच्या अंगाला, आत चिंचेखाली. शांत आहे. म्हणजे लालासाहेब घरी नसतो तेव्हा.

मला कसं वाटलं म्हणशील, तर मी परत जाणार आहे. चौकशी अपुरी राहिली आहे.

तुझा
नानासो


कोयनानगर,
८ जुलै १९७८

चि. नाना,

तुजं पत्र वाचून तुजे दाजी इतके हसले की खोकला लागला. पन मी काय तुला आज वळकत न्हाई. तुजं लिवनं मी निम्मं सोडून वाचते. हळद निम्मी, आरडाओरडा निम्मा. उरतं ते आपल्या भजनाएवढंच असंल. लहानपनी घरात उंदीर निघाला तर तू गल्लीत जाऊन कोल्हा सांगायचास.

हरणानं पत्र दोनदा वाचलं. 

फाटका शर्ट तेवढा मनाला लागला. आई शिवत न्हाई का? घरी जाऊन रंगुबाईला भेट. सुनेला कशी वागवंल ते बघ. घर शांत हाय लिवलंस, जिवाला बरं वाटलं.

लीलाक्का


सांगली,
३० जुलै १९७८

ती. सौ. अक्का,

निम्मं सोडून वाचतेस हे कळलं. म्हणून यापुढं दुप्पट लिहावं की काय, या विचारात आहे.

रंगुबाईंना भेटलो. शर्टाचं विचारलं. म्हणाल्या, “पाव्हनं, मी शिवते, हा फाडतो. कारखान्यात जाताना इस्त्रीचा घालतो, आन गायला जाताना चांगल्या शर्टाची बाही उसवतो. तुमच्या भाचीला शिवन येतं का?”

“येतं,” मी म्हणालो.

“मग तिला सांगा, शिवू नगो म्हनावं. दमंल.”

सासू म्हणून मला हे बोलणं पसंत पडलं.

त्यानंतर दोन कार्यक्रम ऐकले. एक तर तालमीच्या वाढदिवसाला होता. विलायतेत या गाण्यावर लोक जागच्या जागी उड्या मारतात म्हणे. आमच्या पैलवानांना उड्या मारणं कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी बैठका मारल्या. चाळीसएक उघडी अंगं गुंड्याच्या ढोलावर खाली जातायत, वर येतायत. मला तर जमीनच श्वास घेतेय असं वाटलं. लालासाहेब ते बघून आणखी चेकाळला, पैलवान त्याच्यामुळं आणखी चेकाळले. शेवटी वस्ताद म्हणाले, “आवाज घान हाय, पन ताल मेहनतीला बरा हाय. मंगळवारी येत जावा.”

दुसऱ्या कार्यक्रमात नवं गाणं होतं: “ऊस माझा, काटा तुझा, वजन कुणाचं?” कारखान्याचा पगार घेणारा मुलगा हे भर चौकात ओरडतो. हे धाडस की बावळटपणा ते तूच ठरव. ऊसवाले मात्र ऐकत उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

मी काय ऐकलं ते सांगतो. ही पोरं चुकतात. पण चुकली म्हणून थांबत नाहीत. तीच चूक परत, जास्त जोरात करतात. तिसऱ्यांदा ती केली की ती चूक राहत नाही, गाण्यातली जागा होते. आमच्या मैफिलीत बुवा चुकले तर पहिल्या रांगेतले जाणकार एकमेकांना कोपर मारतात. इथं कोपरं फक्त जागा करायला मारतात. या वयात मी दोन्हीकडची कोपरं खाल्ली; दुसरी बरी.

कर्णे आता माझेच असतात. चौकशी जवळून व्हावी म्हणून.

नानासो


कोयनानगर,
११ ऑगस्ट १९७८

चि. नाना,

शेजारची बनाबाई नागपंचमीला शिराळ्याला गेलती. तिचा भाऊ सांगलीहून आलाता. तिनं भंगार पार्टीचं विचारलं, तर तो म्हनला, नानासो कमीच लिवतायत. आवाजानं त्याच्या घरची मांडनीवरची भांडी पडली.

म्हंजे तू खरं लिवतोयस. जल्माला येऊन एकदा खरं लिवलंस आनि ते असलं.

आता माजंही ऐक. भूकंप झाला तवा हरणा शाळंत जायाच्या वयाची व्हती. पहाटं मी आत शिरून तिला दंडाला धरून भाईर वढली, मागनं भिंत आली. तिला खरचटलं पन न्हाई. पन तवापास्नं जमिनीतनं गडगड ऐकू आली की ती भाईर जाती. ठरवून न्हाई. पाय आपलंच निघत्यात. हातात काय हाय, समोर कोन हाय, काय न्हाई.

गेल्या साली कराडकडचं स्थळ बगायला आलं. तवाच हितल्या खानीत सुरुंग उडाला. हिनं पोह्याची बशी पाव्हन्याच्या मांडीवर ठेवली आनि अंगनात जाऊन उभी. ते लोक पोरगी भ्रमिष्ट हाय म्हनून उठून गेले. गावभर सांगितलं. त्याच्या आदलं स्थळ पन असंच गेलं. पोर घर चालवती, हिशेब ठेवती, विहिरीत पवती. एवढ्या एका गोष्टीपायी तिला येडी म्हनत्यात. म्हनून मी तुला पन सांगितलं न्हाई. शांत घर मिळालं तर कुनाला कळनार पन न्हाई, असं मला वाटलं.

आनि तू माज्या पोरीसाठी जिल्ह्यातला सगळ्यात मोटा गडगडाट हुडकून काढलास.

रंगुबाईला सांग, पत्रिका जुळंना. हरणाचं काय सांगू नको.

लीलाक्का


सांगली,
१८ ऑगस्ट १९७८

ती. सौ. अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि टवाळी करायला काही सापडलं नाही. 

रंगुबाईंकडे गेलो. त्या बाजारात गेल्या होत्या. लालासाहेब ओसरीवर तारा जोडत बसला होता. पत्रिका जुळत नाही म्हणालो. तो म्हणाला, “मामा, पत्रिका तर तुमच्या दाजींनीच जुळवून पाठवली.” मामा म्हणायला त्यानं कधी सुरुवात केली ते माझ्या लक्षात आलं नाही. मग मला खोटं रेटता आलं नाही. तू नको म्हणाली होतीस तरी हरणाचं सगळं सांगितलं. शिव्या देणार असशील तर दे.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिला जाडा आवाज लागतो का बारका?”

मला राग आला. म्हटलं, “अरे, पोरीचं आयुष्य काय आणि तू आवाजाची जात काय विचारतोस?”

“तसं न्हाई मामा. बारका कानाला लागतो. जाडा पायाला लागतो. आमच्यात दोन्ही हायत. कुठला लागतो ते कळलं तर दुसरा वाजवीन.”

मी म्हणालो, आता वाजवायचं काही राहिलं नाही, स्थळ मोडलं. तो बरं म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. गुंडाळून झाली, सोडली, परत गुंडाळली. मी निघालो तेव्हा तिसऱ्यांदा गुंडाळत होता.

तू म्हणशील तसं. पण असा प्रश्न विचारणारा मुलगा मी तरी आजवर बघितलेला नाही.

नानासो


कोयनानगर,
२४ ऑगस्ट १९७८

ती. मामांस हरणाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. आई नदीवर होती, मी फोडलं. आता वाचल्यावर रागावून उपयोग नाही.

त्यांना सांगा, जाडा. पायाला लागतो.

मामा, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, अजून भीती जात नाही का. भीती वाटते की नाही ते मलाच कळत नाही, कारण कळायच्या आत मी अंगणात असते. दोन स्थळं गेली त्याचं मला काही वाटलं नाही, ते लोक मलाही आवडले नव्हते. या खेपेला मात्र तुमची पत्रं मी सगळी दोनदा वाचली आहेत. ‘वीज गेली’ हे गाणं मला पाठ झालं आहे, चाल माहीत नसताना.

बाबा कॉलनीच्या गणपती मंडळात आहेत. त्यांना मी सांगितलं आहे की कार्यक्रम ठेवा. बघायला येण्याआधी त्यांना वाजवताना मी बघणार. पहिल्या रांगेत बसेन. दुसरा आवाज वाजवायची गरज नाही, जो वाजवतात तोच वाजवावा. मी उठून पळाले तर आमच्याकडून नकार समजावा आणि त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नाही पळाले तर पुढचं पुढं.

आईला मी सांगते. ती आधी ओरडेल, मग विचारेल की किती माणसांचा स्वयंपाक.

हरणा


कोयनानगर,
१५ सप्टेंबर १९७८

चि. नाना,

गणपतीत तुज्या धंद्याची घाई, म्हनून तू आला न्हाईस. पन कर्णे धाडलेस ते लय मोटे धाडलेस. मला लिवाय येतंय तसं लिवते. निम्मं सोडून वाचू नकोस, मी तुज्यागत न्हाई.

कार्यक्रम हालमधी व्हता. भाईर पावसाची भुरभुर. समदी कॉलनी आलीवती, सांगलीची गायन पार्टी म्हनून. बायका नव्या लुगड्यात. हरणा पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी, तिचं मनगट धरून. रंगुबाई माज्या पलीकडं. दाजींनी आदी सांगायला पायजे व्हतं लोकांस्नी, की आवाज मोटा हाय. पन त्यांनी पावनेरावन्यांची नावंच इतकी घेतली की ते ऱ्हायलं.

त्या गुंड्यानं पहिली काठी मारली, नाना, आनि पायाखालची फरशी हालली. कॉलनीतल्या मानसाला काय सांगावं लागत न्हाई. एक बाई पन वराडली न्हाई. समदी उटली, पोरं काखेत मारली, म्हातारी मानसं धरली आनि दोन्ही दारानं मैदानात. चपला आत. आमाला सवयच हाय ती. कोन ढकलत न्हाई, कोन मागं बगत न्हाई. 

मीबी गेले. मैदानात पावसात उभी ऱ्हायले आनि हात बगितला, तर हातात मनगट न्हाई.

 जल्मभर जी पोर माज्या आदी भाईर असती, ती भाईर न्हाई. मी परत आत पळाले. मागनं बनाबाई वराडली, “आवं आक्का, आत जाऊ नगासा.” त्या पहाटेला मी कशी आत शिरलेवते ते समदं परत डोळ्यांफुडं आलं.

दारात पोचले तर आवाज बंद. समद्या रिकाम्या खुर्च्या, आनि मधी एकटी हरणा बसलीया. हात वर केलेला, पोलीस गाडी थांबवतो तसा. लालासाहेब आनि ती तिघं जागच्या जागी थांबलेली. ती घामानं भिजलीवती. दुसऱ्या हातानं खुर्ची अशी धरलीवती की बोटं पांढरी.

मग हात खाली केला आनि म्हनली, “वाजवा.”

वाजलं.  तिनं थोडा येळ सोसलं, परत हात वर. बंद. परत खाली, परत सुरू. असं किती येळा केलं मोजलं न्हाई. त्या पोरानं एकदा पन उशीर केला न्हाई. गानं अर्धं असू दे, ओळ तोंडात असू दे, तिचा हात वर गेला की गप. मैदानात लोक म्हनत व्हते, आज धक्के राहून राहून येत्यात.

मी जवळ जाऊन म्हनले, “हरणा, चल भाईर.”

ती म्हनली, “आई, बस. हा आवाज कुठनं येतो ते दिसतंय मला.”

मी बसले. मग दाजींनी मैदानात सांगितलं की भूकंप न्हाई, गानं हाय. लोक आत आले. पयले शिव्या देत आले, मग हसत बसले. शेवटाला ‘वीज गेली’ म्हनायला समद्या कॉलनीनं सूर लावला. आमी धरनाजवळ ऱ्हातो, आमच्याकडची वीज जाती तवा आमालाबी राग येतो. हरणानं ते गानं पयल्या ओळीपास्नं म्हनलं.

 सकाळी बगायचा कार्यक्रम ठरल्यापरमानं ठेवला. रंगुबाई, लालासाहेब, मध्यस्थ, आमी. हरणा पोहे घेऊन आली. समद्यांच्या हातात बशा गेल्या. रंगुबाई नाव विचारत व्हती, म्हाईत असून.

तेवढ्यात खरा धक्का आला. बारकाच, आमच्याकडं अधनंमधनं येतो तसला. खिडक्या वाजल्या. हरणा उटली आनि निघाली, नेमासारखी. मी म्हनलं झालं, हेबी स्थळ गेलं.

पन ती दारात पोचायच्या आदीच रंगुबाई अंगनात. पदर एकीकडं, बशी एकीकडं, पेरूचं झाड दोन्ही हातांनी धरलेलं. मध्यस्थ तिच्या मागं. आमी सगळी गेलो. लालासाहेब सगळ्यात शेवटी आला. आत बसून त्यानं फरशीला तळवा लावून ठेवलावता म्हनं, थांबेपर्यंत. पोह्याची बशी हातातच व्हती. हरणाच्या शेजारी येऊन उभा ऱ्हायला आनि उभ्यानं खायला लागला.

म्हनला, “आमच्यापेक्षा जाडा हाय.”

हरणा म्हनली, “आनि हात वर केला तरी ह्यो थांबत न्हाई.”

“मग आपन भाईर येत जाऊ,” तो म्हनला.

ती त्याच्याकडं बगत ऱ्हायली. मग त्याच्या बशीतला एक शेंगदाना उचलून खाल्ला. नाना, माज्या देखत, मध्यस्थाच्या देखत. मी डोळे वटारले, पन तिचं लक्ष कुठं हाय.

दाजी म्हनले, चला, आता आत बसू, फुडचं बोलू. रंगुबाई झाड सोडंना. म्हनली, “काय बोलायचं ते हितंच बोला. मी काय आत येत न्हाई. आन पोरगी शानी हाय, तिला कवा भाईर पडायचं ते कळतं.”

तवा घोंगडं अंगनातच आंथरलं, आनि सुपारी तिथंच फुटली.

तुजी
लीलाक्का